लोखंडाची सुट्टी

श्रीरामपूरला वॉर्ड नंबर सातमध्ये माधुरी पगारे राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवतात, पंचावन्न ओलांडली, लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोघींचा स्वयंपाक व्हायचा. मागच्या उन्हाळ्यात आई गेली आणि सगळ्यात लहान पातेलंसुद्धा मोठं पडायला लागलं. गल्लीतल्या बायकांना विचारा, ह्या बाई नेमकं करतात काय? त्या सांगतील, "लोखंड शिजवतात." हसू नका. अगदी बरोबर सांगतात.

कॉलेजच्या मागच्या अंगाला जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथं मोडकी बाकं टाकायचे. तिथं बाईंची भट्टी. भट्टी म्हटल्यावर लोहाराचा भाता डोळ्यांपुढं आणू नका. हातभर लांबीचं आडवं नळकांडं, आत तापणाऱ्या तारा आणि शेजारी आकडे दाखवणारा कंट्रोलर, एवढाच कारभार. बाई लोखंडाची पूड आणि सेलेनियम नावाचं एक काळपट मूलद्रव्य घेतात, त्यात दोन तऱ्हेचे क्षार घालतात, सगळं काचेच्या जाड नळीत भरतात, आतली हवा काढून नळीचं तोंड वितळवून बंद करतात आणि ती भट्टीत सरकवतात. नळीच्या एका टोकाला आच जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. मग दोन महिने नुसती वाट बघायची. आत क्षार पातळ होतात आणि त्यांच्यातून लोखंड-सेलेनियम हळूहळू थंड टोकाकडं सरकून तिथं खडीसाखरेसारखे खडे धरतात. फक्त हे खडे चपटे, काळे आणि चकचकीत. नखाएवढा एक निघाला तरी बाईंचा आठवडा मजेत जातो.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं तुम्ही विचारणारच. काही पदार्थ भयंकर थंड केले की त्यांच्यातून वीज काडीचाही अडथळा न होता वाहते. ह्याला अतिसंवाहकता म्हणतात. तिचं आणि चुंबकत्वाचं हाडवैर, असं पिढ्यानपिढ्या पुस्तकांत लिहिलेलं. आणि लोखंड म्हणजे तर चुंबकाचं माहेरघर! त्यामुळं अतिसंवाहक शोधणारी मंडळी लोखंडाला दारात उभं करत नसत. मग दोन हजार आठ साली जपानातून बातमी आली की लोखंडाच्याच संयुगात अतिसंवाहकता सापडली. झालं, सगळ्यांची पुस्तकं खोटी पडली. बाई तेव्हा पुण्याला पीएच.डी. करत होत्या. ती बातमी वाचून त्यांना फार आनंद झाला, बाहेर ताटकळत ठेवलेल्या आपल्याच माणसाला आत बोलवावं तसा. त्या दिवसापासून जे लोखंड धरलं ते आजतागायत सोडलं नाही.

पण हे बोलायचं कुणाशी? श्रीरामपुरात ऊस, कापूस, कांदा ह्यांवर वाटेल तेवढं बोलायला माणसं मिळतात. स्टाफरूममध्ये प्लॉटचे भाव निघतात, पोरापोरींची स्थळं निघतात. एकदा कॉमर्सच्या एका सरांनी सहज विचारलं, "मॅडम, काय म्हणतो तुमचा रिसर्च?" बाई हुरळून सांगायला लागल्या. दुसऱ्याच वाक्याला सरांनी फोन कानाला लावला. वाजलाबिजला काही नव्हता हो, नुसता लावला. बाईंना ते दिसलं. तेव्हापासून कुणी विचारलं की "चाललंय" एवढंच सांगायची त्यांनी सवय लावून घेतली.

बोलायला म्हणाल तर एकच माणूस होता. छगन गागरे. लॅबमधला शिपाई, खोकरचा राहणारा, रिटायर व्हायला दोनेक वर्षं उरलेला. वीज गेली की ह्या माणसाचा जीव वर-खाली. भट्टी बॅटरीवर थोडा वेळ तग धरते, तेवढ्यात छगन धावत जाऊन जनरेटर चालू करायचा. प्रिन्सिपॉलच्या केबिनमधला पंखा बंद पडला तरी चालेल, पण भट्टी थंड पडता कामा नये! एकदा ऐन जेवणाच्या सुट्टीत त्यानं हातातली भाकरी चघळत विचारलं,

"म्याडम, एक विचारू? ह्या खड्यात एवढं हाय काय?"

बाईंनी फळ्यावर चौकटी काढल्या. "हे बघा छगनभाऊ. लोखंडाचे अणू असे फरशीसारखे बसलेत. प्रत्येकाच्या अंगात एक बारीकसं चुंबक आहे. त्याला शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायचंय."

"भावकीच म्हना की."

"भावकीच. पण त्याला कोपऱ्यावरच्याच्याही उलट बसायचंय. आता दोन्ही कसं जमणार? सगळे शेजाऱ्याच्या उलट बसले की कोपऱ्यावरच्याशी तोंड जुळतं. कोपरा सांभाळावा तर एका बाजूच्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. लोखंडाच्या दुसऱ्या संयुगांत थंडी वाढली की एक मांडणी जिंकते आणि सगळे गप्प बसतात. ह्या आमच्या पदार्थात कुणीच जिंकत नाही. सारखी चुळबुळ. घटकेत हा कल, घटकेत तो."

"थंडीनं आखडत न्हाईत?"

"तीच तर गंमत!" बाईंचा आवाज चढला. "उष्णतेनं होणारी हालचाल थंडीनं थांबते. ही नाही थांबत. सगळी उष्णता काढून घ्या, तरी आत चुळबुळ आहेच. क्वांटम चढउतार म्हणतात त्याला. आणि बहुतेक, छातीठोक अजून कुणी सांगत नाही, पण बहुतेक त्या चुळबुळीमुळंच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि वीज बिनअडथळ्याची वाहते."

छगननं घास गिळला. "मंग आमच्या डेअरीवानी झालं हे. दोन पार्ट्या, चेअरमन काय ठरंना. सारखी वढाताण. आन् दूध मातर रोज टायमावर जातंय."

बाई इतक्या हसल्या की खडू हातातून पडला. किती दिवसांत असं कुणाशी हसल्या नव्हत्या. घरी गेल्यावरही एकट्याच हसल्या, आणि मग मनात आलं, हे आता सांगायचं कुणाला?

श्रीरामपूरच्या बाहेर आणखी एक माणूस होता. प्रशांत. पुण्याला दोघं एकाच टेबलावर बसून काम करायचे. तो पुढं बंगळुरूच्या मोठ्या संस्थेत गेला, बाई आईसाठी गावी राहिल्या. तो असले खडे परदेशात नेऊन त्यांच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतो. न्यूट्रॉनला चुंबकाची जाण असते, त्यामुळं तो आत शिरून ती चुळबुळ टिपून आणतो. पण त्याला एक-दोन खडे पुरत नाहीत, चांगला मूठभर माल लागतो. त्यासाठी तो ठिकठिकाणच्या लोकांकडून खडे गोळा करतो. उन्हाळ्यात, आई गेल्याचं कळल्यावर, त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "डिसेंबरात आम्हाला तिकडच्या मशीनवर वेळ मिळालाय. तुझे काही निघाले तर पाठव. वाट बघतो."

माणूस बोलण्याच्या ओघात म्हणतो तसं तो म्हणाला असेल. पण रिकाम्या घरात बसलेल्या बाईंना ते शब्द केवढे वाटले! आपली कुणीतरी वाट बघतंय. त्या एका वाक्यावर बाईंनी अख्खा पावसाळा काढला. पहिली नळी लावली, ती कुठंतरी बारीक गळली आणि माल वाया गेला. दुसरीत खडे धरले, पण भलत्याच जातीचे, आपले आपण चुंबक होऊन बसलेले, अतिसंवाहकतेला बिनकामाचे. ऑगस्ट संपता संपता तिसरी लावली. ही दिवाळीच्या आधी निघणार होती. ही साधली तर बरोबर वेळेत बंगळुरूला पोचणार होती. नाही साधली, तर डिसेंबर हातचा जाणार होता. बाई रोज सकाळी तोंड धुऊन आधी आकडे बघायला कॉलेजात यायच्या आणि मग घरी जाऊन चहा प्यायच्या. वेड लागल्यागत झालं होतं, दुसरं काय!

दसरा आला. पगारे मंडळी बौद्ध. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हा आईचा नेम. आई नाही म्हणून नेम मोडायचा, हे काही बाईंच्या मनाला पटेना. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. जाताना छगनला दहा वेळा बजावलं.

"तुमी जा निवांत," छगन म्हणाला. "मी हाय ना. लाईट गेली तरी भट्टीला कळू देनार न्हाई."

आणि हा माणूस खोटं बोलला नाही, ध्यानात ठेवा. लाईट गेली नाहीच. भट्टी त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली.

त्याचं असं झालं. खंडेनवमीला आपल्याकडं लोखंडाला हात लावत नाहीत. कोयते, विळे, कुदळी, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळं धुऊन पुसून उभं करायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला त्या दिवशी सुट्टी. कॉलेजातसुद्धा ही पूजा असते, आणि फिजिक्सच्या लॅबमधली पूजा छगनकडं. दरवर्षी तो तराजू, मोटारी, पंप, झाडून सगळ्यांना कुंकू लावायचा, एक भट्टी सोडून. बाईंनीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या भट्टीला काही वाहू नका आणि ती बंद करू नका." छगननं ते इतकी वर्षं पाळलं. पण ह्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं. दोन वेळा माल बिघडला. म्याडमची आई गेली. म्याडमचं तोंड उतरलेलं. सगळ्या मशिनींची पूजा होती आणि एवढ्या राबणाऱ्या ह्या एकटीचीच होत न्हाई. रुसंल न्हाई तर काय करंल? म्याडम हितं न्हाईत, त्यांना कशाला कळतंय. तासाभराचा तर मामला.

चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत. म्हणून त्यानं बटण बंद केलं. भट्टी पुसली, कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला, आणि हात जोडून म्हणाला, "आमच्या म्याडमला यश दे." तासाभरानं बटण पुन्हा चालू केलं. लाल दिवा लागला. छगन समाधानानं खोकरला गेला.

दिवा लागला, पण भट्टी लागली नाही. त्या कंट्रोलरची तऱ्हाच तशी. वीज तुटून परत आली की तो दिवा लावतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत बसतो. आजवर बॅटरी आणि जनरेटर ह्यांनी कधी वीज तुटू दिलीच नव्हती, त्यामुळं ही गोष्ट छगनला माहीत असायचं कारण नव्हतं. नवमीला दुपारी भट्टी निवायला लागली ती दसऱ्याला ठार गार झाली. आतले क्षार गोठले, गोठताना त्यांनी काच तडकवली, आणि तडकलेल्या काचेतून दमट हवा आत शिरली.

नागपूरला बाई लाखो लोकांत हिंडल्या. अनोळखी माणसांनी जय भीम केला, एका बाईनं आपल्या डब्यातली चपाती-भाजी दिली. बरं वाटलं. पण त्या बाईबरोबर तिची लेक, सून, नातवंडं होती आणि ह्यांच्याबरोबर एक पाण्याची बाटली. परतीच्या गाडीत बाई मनाशी म्हणत होत्या, असू दे, आपलंही घरी काहीतरी धरतंय, वाढतंय. स्टेशनवरून रिक्षा केली ती थेट कॉलेजात.

दार उघडलं आणि समोर झेंडूची माळ.

बाईंना आधी काही सुधरेना. मग नाकाला आंबूस, झोंबणारा वास आला. आकड्यांकडं बघितलं, तर भट्टी गार. नळी बाहेर काढली तर मधोमध तडा, आत तपकिरी चिखल. त्या चिखलात थंड टोकाला खरोखरच खडे धरलेले होते. पण चकाकी गेली होती. एक चिमट्यानं उचलला, तर त्याचा भुगा झाला.

छगन दसऱ्याची सुट्टी संपवून हसत हसत आला, हातात सोन्याची पानं. "घ्या म्याडम, सोनं घ्या, सोन्यासारखं—" त्याचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

बाईंनी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. वरच्या मजल्यावरच्या वर्गातली पोरं जिन्यात गोळा झाली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी? जन्मात एकदा माझी कुणीतरी वाट बघत होतं, छगनभाऊ! एकदाच! तेवढंही तुमच्या डोळ्यांत खुपलं?" आणि मग नको ते बोलल्या. "तोंड दाखवू नका मला परत."

छगननं खाली मान घातली. हातातली पानं कुठं ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी ती तशीच मुठीत धरून तो बाहेर गेला.

आता खरी गोष्ट सुरू होते. कारण त्या दिवसापासून माधुरी पगारे कॉलेजात एकदम मोठ्या झाल्या. 'शिपायानं मॅडमचा आंतरराष्ट्रीय शोध बुडवला,' ही बातमी दुपारपर्यंत कँटीनला पोचली. ज्यांना लोखंड आणि पोलाद ह्यातला फरक सांगता येणार नाही तेही हळहळले. कॉमर्सचे तेच सर येऊन शेजारी बसले आणि फोन खिशात ठेवून म्हणाले, "मॅडम, नेमकं काय होतं हो ते? समजावून सांगा." बाईंनी सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं! मराठीच्या मॅडमनी घरून पुरणपोळ्या आणल्या. प्रिन्सिपॉल आप्पासाहेब सर स्वतः जिन्याखाली आले, तडकलेली नळी हातात घेऊन चुकचुकले, आणि म्हणाले, "छगनला मैदानावर टाकलंय, पाणी मारायला. चौकशी लावतो, चांगली अद्दल घडली पाहिजे. तुम्ही फक्त हो म्हणा." बाई म्हणाल्या, "बघू." खरं सांगायचं तर बाईंना हे सगळं आवडत होतं. दुःख होतंच, पण ते बघायला माणसं येत होती. एवढी माणसं आई गेली तेव्हासुद्धा आली नव्हती.

प्रशांतला कळवायचं मात्र राहिलं होतं. हिंमतच होत नव्हती. चार दिवस टाळून शेवटी एका संध्याकाळी त्यांनी फोन लावला. रडू येऊ नये म्हणून आधी पाणी प्यायल्या. भट्टी, खंडेनवमी, छगन, तडकलेली नळी, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाल्या, "प्रशांत, मला माफ कर. तू वाट बघत असशील."

तो अगदी मायेनं म्हणाला, "अगं, एवढंच ना? वेडी आहेस का, टेन्शन कसलं घेतेस? आमचं भागलं ऑगस्टमध्येच. जपानहून आले, चांगले मोठे मोठे. तुला कळवायचं तेवढं राहून गेलं बघ. बाकी कशी आहेस? तब्येत वगैरे?"

"छान," बाई म्हणाल्या.

मला त्या प्रशांतचा भयंकर राग येतो. पण त्याचं तरी काय चुकलं, सांगा? तो आपल्या कामात बुडालेला, चांगला माणूस. त्यानं सहज एक शब्द टाकला आणि इकडं एका बाईनं त्यावर घर बांधलं. ऑगस्टमध्ये! म्हणजे बाई तिसऱ्या नळीचं तोंड बंद करत होत्या तेव्हाच तिकडची गरज संपलेली होती. खडे निघाले असते, नखाएवढे काय, तळहाताएवढे निघाले असते, तरी कुणाला नको होते.

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्या, आणि कुणाला काहीही बोलल्या नाहीत. कॉमर्सच्या सरांनी विचारलं, "मग आता डिसेंबरचं कसं?" बाई म्हणाल्या, "गेलं ना ते." सर हळहळले. बाईंनी ती हळहळ ठेवून घेतली. काय करणार? छगननं शोध बुडवला म्हटलं की त्या थोर, अभागी शास्त्रज्ञ. शोध बुडालाच नाही, त्याची कुणाला गरजच नव्हती म्हटलं, तर पुन्हा त्या जिन्याखालच्या पगारे मॅडम. शेजारची खुर्ची पुन्हा रिकामी. तुम्ही असता तर लगेच खरं बोलला असता का? मी तर नसतो बोललो.

पण खिडकीतून मैदान दिसायचं. भर उन्हात छगन पाइप धरून उभा असायचा. एकाच जागी पाणी मारत राहायचा, तिथं चिखल व्हायचा तरी त्याचं ध्यान नसायचं. एकदा वीज गेली. सवयीनं त्यानं पाइप टाकला आणि जनरेटरकडं पळत सुटला. अर्ध्या वाटेत थांबला, परत फिरला आणि पाइप उचलला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही. कुणीतरी म्हणालं, आजारी आहे. कुणीतरी म्हणालं, सोंग करतोय. आप्पासाहेब सरांचा निरोप आला, "मॅडम, सोमवारी चौकशीचं पक्कं करू या."

रविवारी सकाळी बाईंनी स्कूटी काढली आणि खोकरची वाट धरली. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या होत्या. बाई दोनदा परत फिरायच्या विचारात थांबल्या. जाऊन सांगायचं काय? चौकशी नको, एवढं सरांना फोनवरही सांगता येईल. छगनभाऊ, मी तुम्हाला माफ केलं, असंही म्हणता येईल, त्यात आपला मोठेपणाही राहील. बाईंना हा विचार बरा वाटला. तसंच म्हणायचं, असं ठरवून त्या निघाल्या.

छगनचं घर रस्त्याला लागूनच. त्याची बायको छबूबाई अंगणात शेंगा निवडत होती. बाईंना बघून ती घाबरून उठली. "या ना म्याडम. हायेत घरात. काय करू वो, जेवतच न्हाईत. भाकर म्होरं ठिवली की म्हनत्यात, म्या म्याडमचं समदं इझवलं आन् आता जेवू व्हय? नवरात्रात बसल्यावानी झालंय, पन उठायचं नाव न्हाई."

छगन खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. बाई दिसल्या तसा तो धडपडून उभा राहिला आणि हात जोडले. "म्याडम, तुमी म्हनल्या हुत्या तोंड दाखवू नगा. म्हून आलो न्हाई. चौकशी लावा, घरी बसवा, माझं कायबी म्हननं न्हाई. पन ज्यो मानूस तुमची वाट बघत हुता, त्याला येकदा माझा फोन लावून द्या. मी सांगतो त्याला. म्हनतो, सायब, म्याडमचा दोष न्हाई, ह्या गाढवाचा हाय."

बाईंनी ठरवलेलं वाक्य सोडून दिलं. माफ केलं म्हणायचं? कशाबद्दल? हा माणूस भाकरी सोडून बसलाय, आणि ज्याच्यापायी बसलाय ते मुळात नव्हतंच. बाई खाटेच्या कडेला बसल्या.

"छगनभाऊ, बसा. ऐका. माझा फोन झालाय त्याच्याशी. त्याला माझे खडे नको होते."

"आता नगं म्हनले व्हय? माझ्यामुळं—"

"आता नाही. ऑगस्टातच. दुसरीकडून मिळाले त्याला. मला सांगायचं विसरला. आपण नळी लावली तेव्हाच त्याला नको होते. तुम्ही भट्टी बंद केली नसती तरी ते खडे इथंच पडले असते."

छगन खाटेवर टेकला. "म्हंजी... तो वाट बघत न्हवता?"

"नव्हता."

"दुसरं कुनी?"

बाईंना वाटलं, आता इथं थांबावं. पण तो श्वास धरून बघत होता. त्या म्हणाल्या, "कुणीच नाही, छगनभाऊ. माझी कुणीच वाट बघत नव्हतं."

"शपथ?"

"शपथ."

छगनच्या तोंडावर जे आलं ते बाईंनी आजवर कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. तो आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. गुडघ्यावर थाप मारून त्यानं अंगणाकडं बघून हाळी दिली, "छबे! आगं ऐकलं का! कुनीच वाट बघत न्हवतं म्याडमची! कुनीबी न्हाई!"

"खरं का वो म्याडम?" छबूबाई शेंगा टाकून दारात धावत आली. "बाई बाई, लई चांगलं झालं! माझ्या जिवाला घोर लागला हुता." तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांना लावले. शेजारच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं तिथूनच आनंदानं ओरडून सांगितलं, की म्याडमची कुणी वाट बघत नव्हतं म्हणून, आमच्या ह्यांचा काही दोष न्हाई!

बाई हसल्या. हसावंच लागलं. एवढ्या आनंदाच्या घरात, दोन्ही हात दुसऱ्याच्या हातांत असताना, त्यांना जन्मात कधी नव्हतं इतकं एकटं वाटलं. पण समोर छबूबाईनं भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं होतं आणि छगन मोठे मोठे घास घेत होता, ते बघून त्यांना बरंही वाटलं.

"सरांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "हे सगळं सांगते. उद्या लॅबमध्ये या."

"येतो की!" छगननं तोंडातला घास एका गालात सारला. "मंग नवी नळी कधी लावायची म्याडम?"

"लावू. ह्याच आठवड्यात लावू."

"आन् ती कुनाला पाठवायची?"

"कुणाला नाही."

"मंग बरंय," छगन मनापासून म्हणाला आणि दुसरी भाकरी घेतली. "घाई न्हाई."